टेलिफोनची तार की केबलची तार?

जून २०२०. वडोदऱ्यातील एका जुन्या वसाहतीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात रोज संध्याकाळी एकच वाद होत असे. घरातील सूनबाई गणिताच्या शिकवण्या घेत. शाळा बंद होत्या, मुलांना घरी बोलावणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी शिकवणी संगणकावरून सुरू केली होती. संध्याकाळी सात ते नऊ, दोन तुकड्या, एकूण चौदा मुले. पतीचा पगार त्या वर्षी निम्म्यावर आला होता. घराचा हप्ता आणि मुलाची फी शिकवणीच्या पैशांतूनच भरायची होती. आणि नेमके सात वाजले, की मुलांच्या पडद्यावर मॅडमचा चेहरा जागच्या जागी थबकत असे. "मॅडम, आवाज येत नाही," "मॅडम, फळा दिसत नाही," हे पंधरा मिनिटांत दहा वेळा ऐकू येई. दोन पालकांनी मुलांची नावे काढून घेतली, तेव्हा घरातले वातावरण फारच तंग झाले.

घरातले इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून आलेले होते. शेजारच्या बिऱ्हाडाने सल्ला दिला, "केबलवाल्याकडून घ्या. त्याचा वेग पन्नासचा आहे. तुमचा चारसुद्धा नाही." सासूबाईंना मात्र फोन काढणे मान्य नव्हते. "ह्यांनी आठ वर्षे वाट पाहून हा फोन घेतला होता. केबल आणायची तर आण, पण फोनला हात लावायचा नाही," असे त्यांनी सुनावले. केबलवाल्याने वर्षाचे पैसे एकदम भरल्यास दोन महिने फुकट देऊ केले. पैसे भरले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वेग मोजला, तर खरोखरच ४८ भरला. सगळ्यांना हायसे वाटले. संध्याकाळी साडेसातला पुन्हा मोजला, तर खाली उतरणारा वेग ६ आणि वर जाणारा अर्धासुद्धा नव्हता. मॅडमचा चेहरा पुन्हा थबकला.

केबलवाल्याने फसवले, असा घरातल्या सर्वांचा ग्रह झाला. पण सकाळचा ४८ खोटा नव्हता आणि संध्याकाळचा ६ हाही खोटा नव्हता. टेलिफोनची तार आणि केबलची तार यांचे स्वभाव मुळातच वेगळे आहेत. एकीचा वेग अंतराने घटतो, दुसरीचा शेजाऱ्यांच्या संख्येने. हा फरक न पाहता केवळ जाहिरातीतील आकड्यांची तुलना केली, की अशी फसगत होते.

फोनची तार : अंतराचा हिशेब

घरी येणारी टेलिफोनची जोडणी म्हणजे तांब्याच्या दोन बारीक तारांची एक जोडी. ही जोडी प्रत्येक घरासाठी वेगळी असते आणि ती थेट टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत किंवा रस्त्यावरील पेटीपर्यंत जाते. बोलण्याचा आवाज वाहून नेण्यासाठी या तारेचा फारच थोडा उपयोग होतो. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येच्या पट्ट्यात माणसाचे बोलणे मावते. त्यावरचा सगळा पट्टा रिकामा पडून असतो.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा मॉडेम बोलण्याच्या याच अरुंद पट्ट्यातून माहिती पाठवत असे. म्हणून इंटरनेट चालू असले की फोन अडून राही. पुढे सुधारलेल्या मॉडेमचा वेगही दर सेकंदाला ५६ किलोबिटच्या पुढे गेला नाही. डीएसएल या तंत्राने वरचा रिकामा पट्टा वापरात आणला. आधीच्या प्रकारात सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंत आणि नंतरच्या सुधारित प्रकारात २२ लाख हर्ट्झपर्यंत. त्यामुळे एकाच तारेवरून सासूबाई फोनवर बोलत असतानाच सूनबाईंना संगणक वापरता येऊ लागला. फोनच्या सॉकेटजवळ लावलेली स्प्लिटर नावाची छोटी डबी आवाज एकीकडे आणि माहिती दुसरीकडे वळवते.

सरकारचे ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये आले आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांनी डीएसएलवर घरगुती ब्रॉडबँड सुरू केले. त्या धोरणानुसार २५६ किलोबिटचा वेग मिळाला, की त्याला ब्रॉडबँड म्हणता येत असे. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. १,००० किलोबिट म्हणजे एक मेगाबिट. दर सेकंदाला जितके मेगाबिट जातात, तो आकडा म्हणजेच जाहिरातीतील 'एमबीपीएस'.

डीएसएलची अडचण अंतराची आहे. कंपनसंख्या जितकी जास्त, तितका तिचा जोर तांब्याच्या तारेत लवकर ओसरतो. एक्स्चेंजच्या जवळच्या घरात सुधारित डीएसएलचा वेग २४ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. तीन-साडेतीन किलोमीटरवर तो चार-सहा मेगाबिटवर येतो आणि पाच किलोमीटरवर एक-दोन मेगाबिट मिळाले तरी नशीब समजायचे. हे अंतर तारेचे असते, रस्त्याचे नव्हे. गल्लीबोळांतून वळसे घेत आलेली तार प्रत्यक्षात बरीच लांब असू शकते.

दुसरी अडचण वर जाणाऱ्या वेगाची. घरी आणलेल्या माहितीला डाऊनलोड म्हणतात आणि घरातून पाठवलेल्या माहितीला अपलोड. हे तंत्र आखले गेले, तेव्हा घरातील माणूस माहिती मागवणार भरपूर आणि पाठवणार थोडी, असे गृहीत धरले होते. म्हणून पट्ट्याचा मोठा भाग डाऊनलोडला दिला आणि अपलोडच्या वाट्याला फार तर एक मेगाबिटच्या आसपास उरले. चित्रपट पाहणाऱ्याला याचा त्रास होत नाही. पण शिकवणारी बाई, डॉक्टरला पडद्यावरून प्रकृती दाखवणारा रुग्ण किंवा कार्यालयाला फायली पाठवणारा नोकरदार यांचे काम अपलोडवरच चालते.

या तारेचा मोठा गुण म्हणजे ती वाटून घ्यावी लागत नाही. एक्स्चेंजपर्यंतची जोडी स्वतःच्या घराची असते. शेजारच्या दहा घरांत संध्याकाळी मालिका चालू झाल्या, तरी या तारेवरचा वेग फारसा हलत नाही. थोडे मिळते, पण सकाळ-संध्याकाळ तेवढेच मिळते.

केबलची तार : शेजाऱ्यांचा हिशेब

केबलची तार जन्माला आली ती दूरचित्रवाणीसाठी. १९९१-९२ नंतर आपल्याकडे गच्चीगच्चीवर तबकड्या उभ्या राहिल्या आणि एका घरातून दुसऱ्या घरात काळ्या तारा धावू लागल्या. ही तार आतून वेगळी असते. मध्ये तांब्याची जाड तार, तिच्याभोवती पांढरा थर, त्यावर धातूची जाळी आणि बाहेर काळे आवरण. बाहेरचा गोंगाट आत येऊ न देण्याच्या या रचनेमुळे तिच्यातून शेकडो वाहिन्या एकाच वेळी जातात. टेलिफोनच्या तारेचा पट्टा गल्लीएवढा मानला, तर केबलचा पट्टा हमरस्त्याएवढा आहे.

या तारेवरून इंटरनेट देण्याचे सर्वमान्य तंत्र अमेरिकेत १९९७ मध्ये ठरले. त्याला डॉक्सिस म्हणतात. दूरचित्रवाणीच्या काही वाहिन्यांची जागा मोकळी करून तेथून माहिती पाठवायची, अशी ही युक्ती आहे. तिथल्या एका वाहिनीच्या जागेतून सुमारे ३८ मेगाबिट जातात, आणि नंतरच्या प्रकारात अनेक वाहिन्या एकत्र जोडता आल्याने वेग शेकडो मेगाबिटवर गेला. डीएसएलला हे गाठणे कठीण होते.

पण हा हमरस्ता एकट्याचा नसतो. वाहिन्या सर्व घरांना त्याच दाखवायच्या होत्या, म्हणून प्रत्येक घराला वेगळी तार देण्याची गरजच नव्हती. एका मुख्य तारेला फाटे फोडत शंभर घरे जोडली गेली. इंटरनेट आले, तरी मुख्य तार तीच राहिली. अपलोडची जागा तर आणखी अरुंद असते. खालच्या टोकाचा एक लहानसा पट्टा सर्वांनी मिळून वापरायचा असतो, आणि एखाद्या घरातील ढिला जोड त्या पट्ट्यात गोंगाट सोडून सगळ्या गल्लीला त्रास देऊ शकतो.

आपल्याकडील 'केबलचे नेट' हा प्रकार बऱ्याच ठिकाणी याहूनही वेगळा होता. नव्वदच्या दशकात टाकलेल्या तारा आणि मधली यंत्रे फक्त एका दिशेने चालणारी होती. त्या बदलणे खर्चाचे, म्हणून अनेक केबलवाल्यांनी गच्चीवरून कार्यालयात वापरतात तशी संगणकाच्या जाळ्याची निळी-करडी तार टाकली आणि इमारतीइमारतीत स्विच नावाची पेटी बसवली. या तारेतून माहिती १०० मीटरपर्यंतच नीट जाते. म्हणून दर काही इमारतींनंतर एक पेटी आणि तिला कोणाच्या तरी मीटरवरून वीज, असा हा संसार असे. नाव केबलचे, माणूस केबलवाला, पण तार वेगळी. वाटणी मात्र तशीच.

ही वाटणी एका साध्या हिशेबाने कळते. समजा, दोन इमारतींतील ४० घरांसाठी मिळून १०० मेगाबिटची जोडणी आहे आणि प्रत्येकाला ५० मेगाबिट देऊ केले आहेत. सकाळी दहाला दोनच घरे वापरत असतील, तर दोघांनाही पूर्ण ५० मिळतात. रात्री आठला तीस घरे एकदम वापरू लागली, की एकेकाच्या वाट्याला तीन-साडेतीन येतात. केबलवाल्याने सांगितलेला आकडा खोटा नसतो. तो सकाळचा असतो.

सूनबाईंची वही

वडोदऱ्याच्या सूनबाई गणित शिकवणाऱ्या होत्या. भांडण करण्याऐवजी त्यांनी एक वही घातली. आठवडाभर रोज सकाळी दहा, दुपारी तीन, संध्याकाळी साडेसात आणि रात्री अकरा अशा चार वेळा दोन्ही जोडण्यांचा वेग मोजला आणि लिहून ठेवला. मोजताना संगणक तारेने थेट मॉडेमला जोडला, कारण वाय-फायवर मोजलेल्या वेगात भिंतींचा आणि अंतराचा दोष मिसळतो, आणि मग चूक तारेची की घराची हे कळत नाही.

आठवड्याअखेर वहीत चित्र स्पष्ट झाले. फोनच्या तारेवर डाऊनलोड साडेतीन आणि अपलोड ०.६, चारही वेळा जवळजवळ तेवढेच. केबलवर सकाळी ४८ आणि १०, दुपारी ३५ आणि ८, संध्याकाळी ६ आणि ०.४, रात्री अकरानंतर पुन्हा तीसच्या वर. शिकवणी नेमकी त्या एका वाईट वेळेला होती.

त्यांनी आधी लाइनमनला बोलावले. फोन उचलल्यावर बारीक खरखर ऐकू येते, ही गोष्ट सासूबाई वर्षभर सांगत होत्या आणि कोणी मनावर घेत नव्हते. ती खरखर म्हणजेच रोगाचे लक्षण होते. पावसाचे पाणी जोडात शिरले, की तांबे गंजते, फोनवर खरखर येते आणि डीएसएलचा वेग पडतो किंवा जोडणी वारंवार तुटते. खांबापासून घरापर्यंतच्या तारेत तीन जुने जोड सापडले. लाइनमनने अखंड तार टाकून दिली आणि साडेतीनचे सात झाले, अपलोड ०.६ वरून ०.९ वर आले. अंतराने जेवढे घटायचे तेवढे घटतच होते, पण गंजलेल्या जोडांनी खाल्लेला वेग परत मिळाला.

मग वही केबलवाल्यापुढे ठेवली. आधी तो "बेन, सगळीकडे असंच आहे" म्हणाला. पण तारीखवार आकडे पाहून त्याला टाळता येईना. त्या इमारतीचा फाटा त्याने दुसऱ्या, कमी भार असलेल्या पेटीवर नेला. संध्याकाळचा वेग २० आणि ४ वर आला.

तोपर्यंत सूनबाईंनी आणखी एक गोष्ट जाणली होती. शिकवणीत मुलांना मॅडमचा चेहरा दोन तास दिसण्याची गरज नव्हती. आवाज आणि फळा एवढे पुरेसे होते. आवाजाला एक दशांश मेगाबिटही लागत नाही, आणि फळ्यावर एकेक ओळ उमटत जाते, तिलाही थोडेच लागते. कॅमेरा बंद ठेवून शिकवणी फोनच्या स्थिर तारेवर आणि घरातले इतर सगळे केबलवर, अशी वाटणी झाली. गेलेल्या दोन मुलांपैकी एक परत आले.

जाहिरातीतील आकडा कसा वाचावा

जाहिरातीत मोठ्या अक्षरात '१०० एमबीपीएस' असते आणि त्याआधी किंवा नंतर बारीक अक्षरात 'पर्यंत' हा शब्द असतो. तो शब्दच महत्त्वाचा आहे. डीएसएलमध्ये 'पर्यंत'चा अर्थ एक्स्चेंजजवळच्या घरी, आणि केबलमध्ये त्याचा अर्थ रिकाम्या वेळी.

दुसरा घोटाळा बिट आणि बाइट यांचा. आठ बिट मिळून एक बाइट होतो. फायलीचा आकार बाइटमध्ये सांगतात, वेग मात्र बिटमध्ये. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. हे ठाऊक नसलेला ग्राहक आठपट कमी वेग मिळाल्याची तक्रार करतो आणि त्याची खरी तक्रारही मग कोणी ऐकत नाही.

तिसरी गोष्ट वापराच्या मर्यादेची. 'अमर्याद' म्हणून विकलेल्या अनेक योजनांत महिन्याला ठरावीक वापर झाला, की वेग एकदम खाली आणतात. वीस तारखेनंतर नेट मंदावते, अशी तक्रार असलेल्या घरांनी ही मर्यादा तपासावी. आणि चौथी गोष्ट पैशांची. जाहिरातीतील दरात बहुधा १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला नसतो. जोडणीचा खर्च, मॉडेमची अनामत किंवा भाडे हेही वेगळे असते. महिन्याला ६०० रुपये म्हणून सांगितलेली योजना करासह ७०८ रुपयांना पडते.

दिवे गेल्यावर

इंटरनेट घेताना विजेचा विचार सहसा होत नाही. सासूबाईंना मात्र तो अनुभवाने ठाऊक होता. साध्या टेलिफोनला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून त्याच तारेने येते. म्हणून घरात अंधार असला तरी जुना फोन वाजतो. डीएसएलच्या मॉडेमला घरची वीज लागते, पण त्याला छोटी बॅटरी जोडली, की दिवे गेले तरी इंटरनेट चालू राहू शकते, कारण एक्स्चेंज चालूच असते. केबलचे तसे नाही. घरच्या राउटरला बॅटरी जोडूनही उपयोग होईल असे नाही, कारण मधल्या इमारतीतील पेटी बंद पडली, की पुढचे सगळेच बंद. जेथे रोज दोन-चार तास वीज जाते, तेथे केबलवाल्याला त्याच्या पेटीला बॅटरी आहे का, हा प्रश्न वेगाच्या प्रश्नाआधी विचारावा.

पावसाळ्यात आणखी एक सावधगिरी हवी. तांब्याच्या कोणत्याही तारेतून विजेचा झटका घरात येऊ शकतो, मग ती फोनची असो वा केबलची. ढगांचा गडगडाट सुरू होण्यापूर्वीच मॉडेमची वीज आणि त्याला आलेली तार, दोन्ही काढून ठेवाव्यात. फक्त वीज बंद करून तार तशीच ठेवली, तर मॉडेम आणि त्याला जोडलेला संगणक दोन्ही जळू शकतात.

तांब्यानंतर काच

आता या दोन्ही तारांची जागा काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, घेत आहे. भारतात तांब्यावरच्या जोडण्या झपाट्याने कमी होत आहेत. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोन जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले आहे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्येच डीएसएलच्या नव्या जोडण्या देणे थांबवले. जर्मनीत मात्र अजूनही कोट्यवधी घरे टेलिफोनच्या तारेवरच इंटरनेट वापरतात, आणि अमेरिकेत केबल हा घरगुती इंटरनेटचा प्रमुख मार्ग आहे. शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मुलामुलींना घर भाड्याने घेताना डीएसएल की केबल हा प्रश्न आजही पडतो. त्यांच्यासाठी एक मोजमाप उपयोगी आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मार्च २०२४ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा १०० मेगाबिट डाऊनलोड आणि २० मेगाबिट अपलोड अशी ठरवली. जुने डीएसएल तेथे पोचूच शकत नाही. केबलला डाऊनलोड सोपे जाते, पण अपलोडचा आकडा विचारूनच घ्यावा.

काचेच्या तारेत प्रकाश धावतो. तो तांब्यातल्या लहरींसारखा लवकर ओसरत नाही. नेहमीच्या पद्धतीत २० किलोमीटरपर्यंत अडचण येत नाही, त्यामुळे अंतराचा हिशेब बहुतेक संपतो. मध्ये वीज लागणारी पेटीही नसते, आणि काचेतून विजेचा झटका वाहत नाही. पण वाटणीचा हिशेब येथेही सुटलेला नाही. घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत सुमारे २,५०० मेगाबिटची एक तार ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. केबलपेक्षा ही वाटणी पुष्कळ सढळ आहे. तरी मागून येणारी जोडणी कंपनीने अपुरी ठेवली, तर संध्याकाळी तोच अनुभव येतो.

'फायबर' या शब्दाचीही परीक्षा करावी. काही ठिकाणी काचेची तार इमारतीच्या जिन्यापर्यंतच येते आणि तेथून घरापर्यंत तांब्याची तार व मध्ये विजेवरची पेटी असते. घरातल्या उपकरणात शिरणारी तार काचेची असेल, तर ती दोऱ्यासारखी बारीक असते आणि तिच्या टोकाला हिरवी किंवा निळी छोटी टोपी असते. ती दिसत नसेल, तर काच नेमकी कुठे संपते हे विचारावे.

पैसे भरण्यापूर्वी

तार कोणतीही असो, ग्राहकाने पुढील गोष्टी करूनच पैसे भरावेत.

१. त्याच इमारतीत किंवा गल्लीत तीच जोडणी असलेल्या घरी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान वेग मोजून पाहावा. सकाळच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

२. डाऊनलोडबरोबर अपलोडचा आकडा विचारावा. घरात कोणी शिकवत असेल, शिकत असेल किंवा घरून काम करत असेल, तर तोच आधी पाहावा.

३. डीएसएल असल्यास एक्स्चेंज किंवा पेटी तारेने किती दूर आहे आणि फोनवर खरखर आहे का, हे तपासावे. केबल असल्यास एका पेटीवर किती घरे आहेत, हे विचारावे.

४. पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरावेत. वर्षाच्या योजनेत दोन महिने फुकट मिळतात, पण दहा महिने अडकून पडण्याची शक्यताही असते.

५. पावतीवर कंपनीचे नाव पाहावे. इंटरनेट देण्यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. गल्लीतला माणूस बहुधा अशा परवानाधारक कंपनीचा प्रतिनिधी असतो. तक्रार करायची वेळ आली, तर त्या कंपनीचे नाव लागते.

६. तक्रार तोंडी न ठेवता तक्रार केंद्रावर नोंदवावी आणि नोंदणी क्रमांक घ्यावा. २०१२ च्या नियमांनुसार असा क्रमांक देणे कंपन्यांना बंधनकारक आहे आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेथे तारीखवार वेगाची नोंद असलेली वही उपयोगी पडते.

दोन्ही तारा उपलब्ध असतील तर कोणती घ्यावी, याचे एकच उत्तर सर्व घरांना लागू पडत नाही. रात्री चित्रपट पाहणारे, अपलोडची फार गरज नसलेले कुटुंब थोडा चढउतार सहन करूनही केबलवर सुखी राहील. एक्स्चेंजजवळ राहणारे, ठरावीक वेळी न चुकता काम करावे लागणारे माणूस कमी वेगाच्या पण स्थिर फोनच्या तारेवर निश्चिंत राहील. आणि घरात शिरणारी खरी काच मिळत असेल, तर तिचा विचार आधी करावा, मात्र रात्री आठचा वेग मोजूनच.

वडोदऱ्याच्या त्या घरात २०२२ साली काचेची तार आली. शिकवणीत आता तीस मुले आहेत, काही वडोदऱ्यातली, काही इंदूरची, दोन बंगळुरूची. कॅमेरा चालू असतो आणि चेहरा थबकत नाही. फोनचा जुना नंबर सासूबाईंच्या हट्टामुळे काचेच्या तारेवर तसाच ठेवला आहे. फक्त आता तो एक्स्चेंजच्या विजेवर चालत नाही, राउटर बंद पडला की तोही बंद पडतो. म्हणून नातवाने राउटरखाली छोटी बॅटरी बसवून दिली आहे. दिवे गेले, की सासूबाई अजूनही आधी रिसीव्हर उचलून आवाज येतो का ते पाहतात, आणि मगच मेणबत्ती शोधायला उठतात.